सातव्या कवाडाचं सुतक

आमच्या शेजारच्या बिरबाअण्णांनी पुण्यातल्या एका लेखकासाठी मुंडण केलं. लेखक त्यांच्या नात्यातला नव्हता, गावातला नव्हता, अण्णांनी त्याचा कधी फोटोसुद्धा पाहिला नव्हता. तरी न्हाव्यापुढं मांडी ठोकून बसले आणि म्हणाले, "मिशी बी काढ. अर्धवट काम नगं." जनवाड्याच्या पुढं फाट्यावर उतरलं की आमचं गाव लागतं. गावात पाहुण्याला दाखवण्यासारखी एवढी एक मिशी होती, तीही गेली.

अण्णा ग्रामपंचायतीचे नळ सोडणारे. त्यांचा आजा मेंढरांमागं फिरला, हे पाण्यामागं फिरतात. गावात वॉल्व सात. आणि आमचं नशीब असं की, त्या लेखकाच्या कादंबऱ्यांतही कवाडं सातच. 'सात कवाडांचा किल्ला' असं त्या मालेचं नाव. एक राजकुमार, एका भागात एक कवाड उघडणार, आत राक्षस, बोलणारे दगड, पेटलेलं तळं. वर्षाला एक असे सहा भाग निघाले आणि आमच्या पाण्याची वाट लागली.

कारण अण्णा वॉल्वला वॉल्व म्हणेनात. "दुसरं कवाड खुललंय, घागरी आणा!" अशी आरोळी द्यायचे. मारुतीच्या देवळापाशी तिसरा वॉल्व गंजून बसला, तर "राक्षस निजलाय, उद्या या." भांडायला आलेल्या बायांना कमरेवर हात ठेवून विचारायचे, "चौथ्या कवाडावर घाई केल्यावर काय झालं, ठावं हाय न्हवं?" आणि गंमत म्हणजे बायांना ठाऊक असायचं. राजकुमाराचा घोडा दगड झाला होता. बिचाऱ्या घागरी उचलून परत जायच्या.

खरं सांगू का? अण्णांनी त्या सहा भागांतलं एक अक्षर वाचलेलं नाही. सीमेवरचं गाव; घरात मराठी, बाजारात उर्दू, पण शाळा झाली कन्नड. मराठी अक्षर दिसलं की चष्मा पुसत बसतात. वाचायचा त्यांचा एकुलता एक मुलगा शिवा. तो पुण्याला कंपनीत लागला. नवा भाग निघाला की विकत घ्यायचा, आठ दिवसांची रजा टाकायचा आणि गावी येऊन ओट्यावर बसून बापाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. दिवस कलला की सगळी गल्ली जमायची. मीही जायचो. चहासाठी जायचो, हे आधीच सांगून ठेवतो.

सहाव्या भागाच्या शेवटी राजकुमार सातव्या कवाडाच्या कडीला हात लावतो. संपला भाग! त्यालाही दोन वर्षं झाली. "हात भरून आला असंल की रं लेकराचा," अण्णा अधूनमधून मला म्हणायचे. मी म्हणायचो, "अण्णा, ते पुस्तकातलं लेकरू हाय." त्यावर ते माझ्याकडं असं बघायचे, जणू मीच बिनकाळजाचा.

फाट्यावर माझं एसटीडीचं दुकान. दर रविवारी दहा वाजता शिवाचा फोन यायचा आणि अण्णा धोतर सावरत पळत यायचे. बोलणं ठरलेलं.

"भाग आला का रं?"

"न्हाई अण्णा. आला की येतोच."

"बरं."

झालं. दोन वर्षं हेच. एवढ्यासाठी हा माणूस अर्धा कोस पळतो! बापानं लेकाला जेवलास का विचारावं, तब्येत विचारावी. हे पुस्तक विचारतात. मी तर गिऱ्हाइकांना त्यांची नक्कल करून दाखवायचो.

मग एक दिवस उदगीरच्या गाडीनं आदल्या दिवसाचा पेपर आला. आतल्या पानावर चार ओळी. लेखक गेले, सातवा भाग अपुरा. अण्णा दुकानात बसले होते, मीच वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "कडी न्हाई उघडली म्हण की." आणि उठून सरळ न्हाव्याकडं.

दुसऱ्या दिवशी गावात गोंधळ. सुतक्याच्या हातचं पाणी कसं प्यायचं? एकीनं भरलेली घागर गटारात ओतली. सरपंच म्हणाले, "अण्णा, तुमचा कोण लागत होता तो? सुतक कामून धरायलात?" अण्णा म्हणाले, "आठ-आठ दिस माझ्या ओट्यावर बसलेला माणूस हाय. पावणा न्हाई का म्हणायचं?" शेवटी पंचायतीत तोडगा निघाला: अण्णांनी लांब बसून सांगायचं आणि वॉल्व दुसऱ्यानं फिरवायचे. दुसरा म्हणजे कोण? शेजारी. म्हणजे मी!

दहा दिवस मी पहाटे उठून पान्हा घेऊन फिरलो. तळहाताला फोड आले. आणि हा मुंडण केलेला माणूस दहा पावलांवर घोंगडी टाकून बसायचा आणि हुकूम सोडायचा, "हळू, हळू! तिसरं कवाड जोर लावून उघडत न्हाई. जरा लाडानं." आमच्या घरातून मात्र एकच विचारणा: "तुमचा कोण मेला?"

मधल्या रविवारी अण्णा फोनला आले नाहीत. मला आधीच बजावून ठेवलं होतं, "शिवाला सांगू नगंस. जिवाला लावून घील." मी शिवाला सांगितलं, अण्णा कामात आहेत. त्यानंही पुढं काही विचारलं नाही. मेला पुण्यातला लेखक आणि खोटं बोलायचं मी.

दहाव्या दिवशी ओढ्यावर पिंड ठेवला. ओट्यावरची आम्ही आठ-दहा माणसं. लेखकाला काय आवडायचं, कुणाला ठाऊक? म्हणून राजकुमार खायचा ते ठेवलं, भाकरी आणि मध. शिवाय कपभर चहा आणि एक बिडी, कारण लिहिणाऱ्याला हे लागतंच, असं मारुती टेलरचं मत पडलं.

कावळा लिंबावर बसून राहिला. खाली येईना. मी म्हटलं, "पुण्यात जेवून आला असंल." कुणी हसलं नाही. आपल्यात रीत आहे, कावळा शिवेना म्हणजे मेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, त्याला शब्द द्यायचा. मारुती टेलर हात जोडून म्हणाला, "साहेब, दर साली तुमची पुण्यतिथी करू." कावळा ढिम्म. ऊन तापलं, मला दुकान उघडायचं होतं. वैतागून मीच म्हणालो, "सातवा भाग मी लिहितो, जावा." कावळा दोन फांद्या मागं सरकला.

मग अण्णा उठले. पिंडापुढं उकिडवे बसले आणि शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलले.

"साहेब, कवाडाचं मनाला लावून घेऊ नगा. बंद तर बंद. तुमी लिवत होता म्हणून माझं लेकरू वरसातनं आठ दिस घरला येत होतं. आता त्याला बोलवायला म्या दुसरं काय तरी धुंडतो. सापडंल की. तुमी जावा निवांत."

कावळा खाली उतरला आणि भाकरीला चोच लावून गेला.

माझ्याकडं या प्रकारावर तीन-चार टोमणे तयार होते. ते सोडून मी दुकानाची वाट धरली. दोन वर्षं दर रविवारी हा बाप माझ्या दुकानात उभा राहून लेकाला "येतोस का" असं विचारत होता, आणि मी नकला करत होतो. मला माझीच लाज वाटली.

दुकानात आलो आणि शिवाच्या कंपनीत फोन लावला.

"शिवा, तो लेखक तुमचा..."

"ठावं हाय काका. पेपरात वाचलंय." मग घाईनं म्हणाला, "अण्णाला सांगू नका बरं. भाग येणार न्हाई म्हणल्यावर मी काय सांगून यायचं, तेच सुचंना गेलंय."

"तुझा अण्णा दहा दिस सुतकात हाय. मिशी काढलीय."

पलीकडं नाक ओढल्याचं ऐकू आलं. "मिशी काढली?"

"व्हय. तेराव्याला ये. घरच्या पेटीतनं पहिला भाग काढ आन् पुन्हा वाचायला बस. आम्ही बी हाव."

"रजा देत न्हाईत काका. साहेबाला काय सांगू? पुस्तक लिवणारा मेला म्हणून सांगू?"

तळहाताचे फोड अजून ठणकत होते. दहा दिवस ज्या गोष्टीला मी हसलो, तीच तोंडात आली.

"घरात सुतक हाय म्हणून सांग," मी म्हणालो. "बाप डोकं भादरून ओट्यावर बसलाय. खोटं काय हाय त्यात?"