रस्त्यावरचे दगड घरपोच

थंडीच्या दिवसांत माणिकअप्पांच्या जीपमध्ये बसायचं तर मांडीवर दगड घ्यायची तयारी ठेवावी लागते. चेष्टा नाही. मी शाळामास्तर, रोज ठाणाकुशनूरहून बीदरला जातो, आणि पौषात माझ्या मांडीवर जेवणाचा डबा आणि डब्यावर हा एवढा धोंडा असतो. पहिल्यांदा कुरकुरलो तेव्हा अप्पा म्हणाले, "लोकायचा माल हाय सर, नीट धरा."

त्याचं असं आहे. आमच्याकडे तूर निघाली की लोक ती अर्ध्या डांबरी रस्त्यावर वाळत घालतात. गाडी वर चढू नये म्हणून भोवती दगड मांडतात. संध्याकाळी तुरीचा दाणा न् दाणा झाडून नेतात आणि दगड तिथंच विसरतात. सकाळी धुकं पडलं की ते कुणाच्या बापाला दिसत नाहीत. माणिकअप्पांना दिसतात, कारण त्यांची जीप बैलगाडीच्या चालीनं जाते. दगड दिसला की जीप कडेला, दिवे लुकलुकत, एका प्रवाशाच्या हातात लाल टॉवेल देऊन त्याला मागं उभं करायचं, आणि गोळा करायला लागायचं. बरं, उचलून बांधावर फेकून द्यावेत की नाही? छे! ज्याची तूर होती त्याच्या दारात नेऊन द्यायचे.

"पाटील, तुमचा माल इसरला व्हता. घ्या ठिवून."

पाटील ओशाळतो, चहा ठेवतो, आणि माझी शाळेतली प्रार्थना चुकते.

अप्पांचा लाडका शब्द एकच: हल्लू, म्हणजे हळू. सुरू करताना हल्लू, वळणावर हल्लू, मोकळा रस्ता असला तरी हल्लू. एकदा समोरून आलेल्या टेम्पोवाल्यानं खिडकीतून विचारलं, "अप्पा, दिवसा दिवे कामून लावलाव?" अप्पा म्हणाले, "मला दिसावं मनून न्हाई बाबा, तुला मी दिसावं मनून." सायकलवर कुणी कानाला मफलर गुंडाळून चाललेला असला तर हॉर्नसुद्धा देत नाहीत. "त्याला आदी ऐकू येत न्हाई, आन् आलं की दचकून आंगावर येतंय," असं म्हणून निवांत मागं मागं जातात. उसाची ट्रॉली धुक्यात ओलांडणं तर त्यांच्या लेखी पापच. एकदा अशाच एका ट्रॉलीच्या मागं जाता जाता आम्ही थेट कारखान्याच्या फाटकात पोचलो. मी डोक्याला हात लावला. अप्पा म्हणाले, "चुकलो, पर शाबूत हाव की न्हाई?"

मला या माणसाचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. मुख्याध्यापकांसमोर मान खाली घालून उभं मी राहायचो, अप्पा नव्हे.

पण एका गोष्टीचं मला नवल वाटायचं. साऱ्या रस्त्यावर हा माणूस दगड घरपोच करतो, फक्त एका शेतातल्या घरापाशी करत नाही. तिथले दगड बाभळीखाली गुपचूप रचून ठेवतो आणि निघतो. ते घर त्यांच्या धाकट्या भावाचं, वैजनाथचं. एक दिवस मी कारण विचारलं. अप्पांनी आधी जीप कडेला घेतली, मग सांगितलं.

"बारा वर्सं झाली. आमची तूर एकत्र व्हती. दगड उचलायचं काम माझं. दमलो व्हतो, मनलं सकाळी बघू. सकाळी ह्यो मोटारसायकल घेऊन निघाला, धुकं व्हतं. गुडघा गेला त्याचा. दवाखान्यात मला एवढंच मनला, 'दगड उचलायला तुला किती येळ लागला असता?' तवापासून बोलत न्हाई. लोकांपाशी नाव काढलं तरी 'अण्णा' न्हाई, नुसतं 'माणिक' मनतंय."

पुढं वाटण्या झाल्या. अप्पांनी आपलं शेत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला दिलं आणि जीप धरली. रोज दोनदा त्या दारावरून जातात आणि दोनदा तिकडं न बघितल्यासारखं करतात. मी त्यानंतर दगडांबद्दल कुरकुर केली नाही.

या पौषात एका सकाळी बॉनेटसुद्धा दिसेना असं धुकं पडलं होतं. नेमकं वैजनाथच्या दारासमोर रस्त्यावर दगडांची रांग. आम्ही उतरलो. अप्पा एकेक दगड बाभळीकडं नेऊ लागले आणि मला काय झालं कोण जाणे, मी दोन उचलले आणि सरळ घराकडं निघालो.

"सर, तिकडं नगा!" अप्पा मागून ओरडले. मी थांबलो नाही. मास्तरकीत एवढा हट्ट अंगी मुरतोच.

वैजनाथ शेकोटीपाशी बसला होता, शेजारी काठी. मी दगड त्याच्यापुढं ठेवले. "भाऊ, हे रस्त्यावर राहिले होते."

त्यानं दगडांकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. धुक्यापलीकडं काही दिसत नव्हतं. त्याचा चेहरा पार उतरला.

"काल लई दमलो व्हतो," तो म्हणाला. "मनलं सकाळी उचलू." काठीनं राख उकरत राहिला. मग म्हणाला, "दमल्यावर राहतंय मानसाचं."

मी जायला वळलो तेव्हा त्यानं विचारलं, "गाडी अण्णा चालवायलाय?"

"हो."

"धुकं लई हाय. जपून जा मना त्याला."

परत येऊन मी जीपमध्ये बसलो आणि हे अप्पांना सांगितलं. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, जीप अजून सुरू केली नव्हती.

"अण्णा मनला? माणिक न्हाई मनला?"

"अण्णाच म्हणाला."

अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, आणि मागच्या सीटवरच्या भाजीवाल्या अक्काच्याही. मग हल्लूच आम्ही निघालो. दोन मैल गेलो असू.

"सर, काय मनला ते पुन्यांदा सांगा की."

मी सांगितलं. बीदर येईपर्यंत चार वेळा सांगितलं, आणि चारही वेळा अप्पांनी जीप कडेला घेऊन, थांबवून, मगच ऐकलं.