लाउंजमधली पंगत

आमचे अण्णा माणसाची पारख त्याच्या 'नको'वरून करतात. पंगतीत बुंदी वाढताना समोरच्यानं पानावर हात आडवा धरून 'नको' म्हटलं, तर त्याला खरंच नको असतं. हात मांडीवर ठेवून नुसतं तोंडानं 'नको, नको' म्हटलं, तर अण्णा दोनदा वाढतात. आणि 'नको' म्हणताना ज्याची नजर बुंदीच्या बादलीकडं असते, त्याच्यापुढं ते बादली घेऊन चक्क बसतात. "ह्यो सकाळपासून भुकेला हाय बे," असं मागच्या वाढप्याला सांगतात, आणि तेही त्या बिचाऱ्याला स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात.

अण्णा म्हणजे माझे सख्खे चुलते. तेलगावजवळ आमचं गाव. धंदा विचारला तर अण्णा शेती सांगतात, पण पंचक्रोशी त्यांना ओळखते ती वाढपी म्हणून. लग्न असो, बारसं असो नाहीतर तेरावं, धोतराचा काचा मारून अण्णा हजर. हातात ओगराळं, म्हणजे लांब दांड्याची पितळी पळी. तोंडात एकच वाक्य, "घ्या की, घरचंच हाय!" मांडव दुसऱ्याचा, बुंदी दुसऱ्याची, आणि यजमान कोपऱ्यात उभा राहून पातेल्यात किती उरलंय ते पाहत घाम पुसतोय. अण्णांचं आपलं चालूच, "येसर आमटी घ्या, घरचीच हाय!"

एकदा परळीला आमच्या नात्यातलं लग्न होतं. अण्णा एसटीतून उतरले ते थेट समोर दिसलेल्या मंगल कार्यालयात शिरले. दोन पंगती वाढून झाल्यावर नवरदेव जेवायला आला, तेव्हा तो आपला नव्हे हे त्यांच्या ध्यानात आलं. आपलं लग्न पलीकडच्या कार्यालयात होतं. मी त्यांना शोधत गेलो होतो. ओढायला लागलो तर म्हणाले, "आरं, आर्धी पंगत सोडून कसं यावं? लोकं काय म्हणतील?" लोकांनी काही म्हटलं नाही. उलट निघताना त्या अनोळखी मंडळींनी अण्णांना टॉवेल-टोपीचा आहेर केला. आमच्या नात्यातल्या लग्नात मात्र अण्णा अक्षता पडून गेल्यावर पोहोचले आणि तिथंही आल्याआल्या काचा मारला.

त्यांचा नियम एकच. शेवटचं पान उठल्याशिवाय वाढप्यानं घास घ्यायचा नाही. त्यामुळं आयुष्यभर त्यांच्या वाट्याला गार भात आणि पातेल्याच्या तळाची आमटी आली. त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. तक्रार होती ती बफेबद्दल. त्याला ते 'उभ्याचं जेवण' म्हणतात. "हातात ताट, काखंत पाण्याची बाटली, आन् तोंडात घास. माणूस हाय का खुंटी?" बफे असलेल्या लग्नातून ते आहेर देऊन उपाशीपोटी परत येतात आणि घरी पिठलं-भाकरी खातात.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीनं बंगळूरला कोर्टात लग्न केलं. मनीषा, आमची मनी. शिकली, तिकडं नोकरीला लागली आणि सहा वर्षांपूर्वी बरोबरच्या एका कन्नड मुलाशी तिनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. चार सह्या, दोन हार आणि नंतर कॉफी. घरी कळवलं ते आदल्या दिवशी. भावकी जातीवरून कुजबुजली, अण्णांनी जातीबद्दल चकार शब्द काढला नाही. मुलगा चांगला आहे हे काकूकडून कळल्यावर नुसती मान हलवली. मग म्हणाले, "कॉफी पाजली म्हणं लोकान्ला. उभ्यानं." आणि त्यानंतर मनीशी बोलणंच बंद झालं. फोन आला की काकू मागच्या पडवीत जायची आणि अण्णा म्हशींना पाणी दाखवायला जायचे. त्या सहा वर्षांत आमच्या म्हशींइतकं पाणी जिल्ह्यात कुणी प्यायलं नसेल.

यंदा काकूनंच मनावर घेतलं. मला म्हणाली, "बाळ्या, तिकीट काढ. गुडघे चालतेत तवर लेकीचं घर बघून येते." अण्णा म्हणाले, "मी बी येतो. इमानात बसायचं राहिलंय माजं. तिच्याकडं म्हणून न्हाई." मी आणि कल्पना, म्हणजे माझी बायको, सोबतीला निघालो.

आता माझ्याबद्दल थोडं सांगतो. मी बीडला शाळेत शिकवतो. बँकेनं माझ्या आणि कल्पनाच्या गळ्यात एकेक क्रेडिट कार्ड मारलेलं आहे आणि त्यावर विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट जेवता येतं, हे मी गावात किमान पन्नास जणांना ऐकवलं होतं. स्वतः कधी गेलो नव्हतो. तेव्हा अण्णांना लाउंज दाखवणं हा माझा या प्रवासातला खरा हेतू होता. माणसानं मोठेपणा मिरवायचा तर आपल्या चुलत्यापुढं मिरवावा.

संध्याकाळचं विमान होतं पुण्याहून, आणि अण्णांनी आम्हाला बीडमधून पहाटे काढलं. जामखेडला चहाला थांबलो तर त्यांनी चहा घेतला नाही. पुढं मिसळ खायला थांबलो, ते गाडीतच बसून राहिले. मांडीवर एक कापडी पिशवी होती, ती त्यांनी डिकीत ठेवू दिली नाही. मला वाटलं, गाडी लागत असेल.

विमानतळावर तपासणीच्या यंत्रात ती पिशवी अडली. जवानानं ती बाजूला घेतली, आतून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली लांबडी वस्तू काढली आणि फडकं जरासं उकलून विचारलं, "बाबा, ये क्या है?"

अण्णांची हिंदी निजामाच्या काळातली. "ओगराळा है साब. पंगत में वाढने का."

"हथियार तो नहीं है?"

"नक्को साब, ऐसा नक्को बोलो. इससे आजतक कोई मरा नै, पेट भरके सोया."

जवान हसला. "शादी में जा रहे हो क्या?"

अण्णा पिवळ्या फडक्याकडं बघत म्हणाले, "हाव साब."

मी पट्ट्याच्या या बाजूला बूट घालत होतो. म्हटलं, म्हातारा काय बेमालूम थाप मारतोय. जवानानं फडकं नीट गुंडाळून दिलं.

लाउंजमध्ये शिरताना मी कार्ड असं काही पुढं केलं की जणू इमारत माझीच आहे. काकू एका कोचावर बसली आणि त्यात रुतली. "लई मऊ हाय बाई. उठता येतंय का न्हाई?" कल्पनानं तिला इडली आणून दिली. मी अण्णांना म्हटलं, "चला, ताट घ्या. काय पाहिजे ते घ्यायचं, कितीही."

अण्णा जागेवरून हलले नाहीत. समोर सुटाबुटातली माणसं ताटं घेऊन रांगेत उभी होती. कुणी पुलाव घेत होतं, कुणी गुलाबजाम.

"एवढी शिकलेली लोकं," अण्णा हळूच म्हणाले, "आन् वाढाया कुणीच कावून न्हाई?"

"अण्णा, इथं असंच असतं."

एवढ्यात एक म्हातारे गृहस्थ एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ताट घेऊन आमटीशी झटापट करायला लागले. तेवढं निमित्त पुरलं. अण्णांनी पिशवी काकूजवळ ठेवली, त्या गृहस्थांचं ताट काढून घेतलं, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि वाढून नेऊन दिलं. मग शेजारच्याला वाढलं. मग त्याच्या शेजारच्याला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा अण्णांनी काचा मारला होता आणि गुलाबजामचं भांडं घेऊन ते कोचांच्या रांगेतून फिरत होते, "लेव साब, घर का इच है!"

लॅपटॉपवाल्या एका तरुणानं मान वर न करता 'नो, नो' म्हटलं. हात लॅपटॉपवरच होते. अण्णांनी दोन वाढले. एका बाईंनी ताटावर हात आडवा धरला, त्यांना नमस्कार करून पुढं गेले. एक जाडसर गृहस्थ 'शुगर है' म्हणाले, पण नजर भांड्यात होती. अण्णांनी त्यांना अर्धा दिला आणि सांगितलं, "आर्धे को कुछ नै होता."

तिथला व्यवस्थापक आला तेव्हा मी क्रेडिट कार्डासकट जमिनीत गडप व्हायला तयार होतो. पोरगाच होता, थोडा वेळ बघत उभा राहिला. कोणी तक्रार करत नव्हतं, उलट लॅपटॉपवाल्यानं तिसरा मागितला होता. व्यवस्थापकानं आत जाऊन प्लास्टिकचे हातमोजे आणले आणि म्हणाला, "बाबा, मग हे घाला." अण्णांनी घातले. धोतर, टोपी आणि हातमोजे.

घोटाळा पुढंच झाला. गावाकडची पंगत कधीतरी उठते. इथं एक विमान गेलं की दुसऱ्याची माणसं येत होती. दीड तास झाला, अण्णा घामाघूम झाले.

"बाळ्या, ही पंगत उठंना की रं!"

"उठणार नाही. तुम्ही जेवून घ्या."

"शेवटचं पान उठू दे. ह्यो चमचा लई बारका हाय, त्यानं उशीर व्हायलाय."

"मग ते पिशवीतलं ओगराळं काढा ना!"

अण्णा वाढता वाढता थबकले. "ते न्हाई," म्हणाले. "ते कोरं हाय." आणि वळून पुलावाकडं गेले.

शेवटी मी त्यांना हाताला धरूनच बाहेर काढलं. सगळ्या लाउंजभर जेवलेली माणसं आणि माझा चुलता उपाशी. माझ्या कार्डाची याहून मोठी फजिती झाली नसती. गेटपाशी खुर्चीवर बसवून मी चिडलो, "सकाळपासून तुमच्या पोटात कण नाही. तिकडं पोहोचायला रात्र होईल. कशाचा हट्ट आहे हा?"

"बोलू नको त्येन्ला," काकू म्हणाली. "त्येन्ला उपास हाय."

"आज कसला उपास? ना एकादशी, ना सोमवार."

"लेकीच्या लग्नादिवशी बापाला आसतो, त्यो."

अण्णा काचेतून बाहेरच्या विमानाकडं बघत राहिले. काकूनं पिशवीतून फडकं काढून माझ्या हातात दिलं. ओगराळं नवंकोरं होतं, चिंच लावून घासलेलं. कधी आमटीत बुडालेलं नव्हतं. दांड्यावर तांबटाकडून नाव घालून घेतलं होतं, 'चि. मनीषा हिच्या लग्नाप्रीत्यर्थ, दि.' आणि पुढं तारखेपुरती जागा मोकळी.

"मनी बारावीला व्हती तवा घडवून घेतलं," काकू म्हणाली. "दर दिवाळीला घासतेत. मला हात लावू देत न्हाईत."

मला लाज वाटली. सहा वर्षं आम्ही सगळे समजत होतो की म्हातारा रुसलाय. जिल्हाभर लोकांच्या लेकींच्या पंगती वाढल्या, आणि स्वतःच्या लेकीची वाढायची राहून गेली, एवढंच त्याचं दुखणं होतं. ते बोलून दाखवायला त्याला कुणी बसवलंच नाही.

काकूचा फोन वाजला. मनीच होती, निघालात का म्हणून विचारत होती. इथं म्हशी नव्हत्या. अण्णा उठून जातील म्हणून काकूच उठायला लागली, तोच त्यांनी हात पुढं केला. हातमोजा अजून तसाच होता.

"हालो," अण्णा म्हणाले. "मी हाय."

त्यांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"रडू नको. किती पानं मांडलीस?"

मनी काहीतरी म्हणाली.

"सहा? सहा पानाची काय पंगत आसती व्हय? शेजारीपाजारी न्हाईत का? वरच्या मजल्यावरले? जावयाची आई?" अण्णांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. "समद्यान्ला बोलाव. उशीर व्हईल, पर वाट बघा म्हणावं. आन् जागा बारकी आसली तरी खालीच बसायचं. वाढायला मी हाय."

विमानात चढायला रांग लागली होती. कल्पनानं खूण केली. अण्णांनी ओगराळं माझ्याकडून घेतलं, फडक्यात गुंडाळलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लाजू नगा म्हणावं त्येन्ला," ते म्हणाले. "पोटभर जेवा म्हणावं. घरचंच हाय."