सगळं खोलीवर असतं

श्रीशैलराव येत्या रविवारी जेवायला येणार, हे पवित्रानं चहाचा कप हातात देता देता सांगितलं आणि बसवेशनं तो कप तसाच खाली ठेवला.

"जेवायला येणार म्हंजे जेवून जाणार, एवढंच न्हवं?"

"न्हाई. दाजी म्हणालेत, आधी बसवेशरावांचे नवे स्पीकर ऐकणार, मग पानावर बसणार."

यात अडचण एवढीच होती, की बसवेशकडे नवे स्पीकर नव्हते. जुनेही नव्हते.

श्रीशैलराव म्हणजे बसवेशचे साडू, पवित्राच्या थोरल्या बहिणीचे, शांभवीचे यजमान. पुण्यात मोठी नोकरी आणि घरात नुसतं गाणं ऐकायला वेगळी खोली. साडूचं नातंच असं, की एकानं म्हैस घेतली की दुसऱ्याला हत्तीचा भाव विचारावा लागतो. दिवाळीत श्रीशैलरावांनी बसवेशला त्या खोलीत खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि सतार लावली. दिवाळीच्या गर्दीत दुकानात उभा राहून पाय मोडलेला माणूस. डोळे मिटा म्हटल्यावर त्याला झोप लागली यात त्याचा काय गुन्हा? पण तो घोरला. आणि ते घोरणं श्रीशैलरावांनी आजऱ्याच्या लग्नात भर पंगतीत सांगितलं. "आमच्या साडूंना छातीवर डॉल्बी आदळल्याशिवाय गाणं चालू आहे हेच कळत नाही!" पंगत हसली, पवित्राचा भाऊ हसला, जिलेबी वाढणारा वाढपीसुद्धा हसला. बाकीच्यांना बसवेशनं माफ केलं, पण तो वाढपी काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. म्हणून मध्ये एकदा फोनवर त्यानं ठोकून दिलं, "आमीबी घेतलेत की स्पीकर. या एकदा ऐकायला." पुण्याचा माणूस बोलावल्यावर खरंच येईल, असं त्याला वाटलं नव्हतं.

त्याच दुपारी तो ऋतुराजच्या स्पीकरच्या दुकानात जाऊन धडकला.

"खोली केवढी हाय, अण्णा?" ऋतुराजनं विचारलं.

"खोलीचं काय घिऊन बसलाईस? खोली घरात हाय, स्पीकर न्हाईत. त्यो कोपऱ्यातला दाव. कमरंएवढा."

"त्यो न्हाई चालायचा. दहा बाय अकराच्या खोलीत त्यो लावला तर आवाज मावायचा कुठं? नुसता घुमत बसंल. तुमाला ही ल्हान जोडी बास."

"एवढीशी? ह्यात माझ्या घरची साखर मावायची न्हाई!"

बसवेशचं शाहूपुरीत भांड्यांचं दुकान. जन्मभर त्यानं माल टिचकी मारून आणि हातात तोलून पारखलेला. त्यानं सगळ्या स्पीकरांना ओळीनं टिचक्या मारल्या, कान लावला, एकेक उचलून वजनाचा अंदाज घेतला. ऋतुराज कळवळून म्हणाला, "अण्णा, हे वाजवून घेत्यात." "दुकानात सगळंच ग्वाड वाजतंय बाबा, मीबी दुकानदार हाय," असं म्हणून बसवेशनं शेवटी ती लहान जोडीच घेतली. वजनाला ती भरीव होतीच, पण पवित्रानं ठरवून दिलेल्या पैशात बसणारी दुकानात तेवढी एकच जोडी होती, हे मात्र तो ऋतुराजजवळ बोलला नाही.

घरी आणून भजन लावलं. गाणारा श्वास कुठं घेतो तेसुद्धा ऐकू येत होतं, टाळ लख्ख वाजत होते. फक्त तबल्याचा डग्गा कुठं दिसेना.

पवित्रा पीठ मळता मळता दारात आली. "अवो, तबलेवाल्याचा डावा हात दुखतोय काय?"

बसवेशनं ऋतुराजला फोन लावला. तो म्हणाला, भिंतीला चिकटवून ठेवा, ठोका वाढतो. आणि रोज वाजवत राहा, चार-पाच दिवसांत खुलतात. खोलीच्या एका भिंतीला कपाट, दुसरीला पलंग, तिसरीला देव. रिकामी अशी चौथीच. स्पीकर तिला चिकटले. मग ते स्टुलावर चढले, स्टुलावरून पाटावर उतरले. एका संध्याकाळी बसवेशनं दुकानातली दोन जाड पातेली आणून पालथी घातली आणि त्यांवर स्पीकर ठेवले, तर गायक पातेल्यात बसून गातोय असं वाटायला लागलं. शेवटी त्यानं दारावर वाकळ टांगली, तेव्हा होता तो आवाजही निम्मा झाला.

तेवढ्यात पुण्याहून फोन. "काय बसवेशराव, जमलं का? एक सांगतो, स्पीकर काय, कुणीही विकत घेतो. सगळं खोलीवर असतं!"

बसवेशनं "व्हय व्हय" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर जे म्हटलं ते पवित्रानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता त्या चौथ्या भिंतीविषयी सांगायला हवं. ती भिंत सामाईक, आणि तिच्यापलीकडं विठाबाईचा चटणीचा डंक. उन्हाळ्याचे दिवस, अख्ख्या पेठेची वर्षाची चटणी तिथं कुटली जायची. दिवसभर लोखंडी मुसळं उखळात आदळायची, धम् धम् धम्, आणि बसवेशच्या फळीवरचे कप नाचायचे. याच डंकावरून गेल्याच महिन्यात मोठं भांडण झालं होतं. बसवेशनं गल्ली गोळा केली, आवाज चढवला आणि निदान रविवारी डंक बंद, असं सगळ्यांसमोर कबूल करून घेतलं. विठाबाई गेली चाळीस वर्षं त्या गल्लीत कुणाला हरली नव्हती. तेव्हापासून ती बसवेशला बघितलं की रस्त्यावर पाणी जरा जास्तच लांब फेकायची.

शुक्रवारी संध्याकाळी बसवेश दुकानातून आला, नेहमीचं भजन लावलं आणि जागेवरून उडालाच. डग्गा आला होता! साधासुधा नव्हे, फरशीतून तळपायाला कळेल असा.

"खुललं! पवित्रा, खुललं गं!" त्यानं तिथल्या तिथं ऋतुराजला फोन केला, त्याच्या सात पिढ्यांचं कल्याण चिंतलं. आता येऊ दे म्हणावं पुण्याला! मग कडव्याच्या मध्यावरच डग्गा गेला. थोड्या वेळानं आला. पुन्हा गेला.

पवित्रा पुढं झाली आणि भिंतीला तळहात लावून उभी राहिली. डग्गा परत सुरू झाल्यावर तिनं नवऱ्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं, की त्याला खुर्चीत बसावं लागलं.

"ह्यो डग्गा तुमचा न्हाई. विठामावशीचा हाय. रोज तुमी यायच्या आत थांबतोय, आज अजून चालूच हाय."

"आणि परवा रविवार," बसवेश म्हणाला. डंक बंद कुणी केला? त्यानंच. गल्लीसमोर, मिशीला पीळ देऊन.

शनिवारी सकाळी तो विठाबाईच्या दारात उभा राहिला. विठाबाईच्या भुवयासुद्धा चटणीनं लाल झाल्या होत्या.

"मावशी, उद्या दुपारी मशीन जरा चालू करतासा काय?"

विठाबाईनं मशीन बंद केलं. "काय म्हणालास?"

"उद्या मशीन चालू करा म्हणालो."

"मोठ्यानं म्हण की. मशीन बंद केलं तरी मला ऐकू ईना बघ."

बसवेशनं मोठ्यानं म्हटलं. समोरचा शिंपी शिलाई थांबवून बघायला लागला. मग बसवेशनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं: साडू, घोरणं, आजऱ्याची पंगत, वाढपी. विठाबाई डोळे बारीक करून ऐकत होती. वाढप्यापाशी मात्र तिच्या कपाळाला आठी पडली.

"वाढपी हसला?"

"हसला की."

"मग चालू करतो मी. आपल्या गल्लीच्या माणसाला वाढप्यानं हसायचं म्हंजे काय? पर रविवारी कांडू काय, माझं कप्पाळ? गिऱ्हाईक तर तूच बंद केलंस. मिरची तुझी आण. आणि देठं खुडून आण. माझ्या कामाच्या बायका रविवारी घरी असत्यात, तुझ्याच किरपेनं!"

खुणा ठरल्या. पवित्रा भिंतीवर लाटणं मारणार, की डंक सुरू. पुन्हा मारणार, की बंद. रविवारी सकाळी पवित्रा पुरणाला लागली आणि बसवेश संकेश्वरी मिरचीचा ढीग घेऊन देठं खुडत बसला. "जरा हात लाव की गं," असं त्यानं म्हणून बघितलं. "साडू तुमचा, मिरची तुमची," आतून उत्तर आलं. बोटांची आग आग झाली. शेवटचं पोतं भिंतीपलीकडं पोचलं आणि इकडं दारात गाडी वाजली.

बसवेशनं घाईघाईनं घाम पुसला. त्याच हातानं. डोळ्यांवरचा.

"अरेच्चा, एवढेसेच?" खोलीत आल्या आल्या श्रीशैलराव स्पीकरांकडं बघून हसले. शांभवी म्हणाली, "अवो, ऐका तरी आधी." श्रीशैलराव खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि बसवेशनं ते एकच भजन लावलं, ज्याची लय डंकाला बरोबर जुळत होती. स्वयंपाकघरात लाटणं भिंतीवर पडलं.

धम्.

श्रीशैलरावांनी डोळे उघडले. वाकून स्पीकरांच्या मागं बघितलं, पायातले मोजे काढले आणि तळवे फरशीला लावले. "हा बेस... या डब्यातून?"

"खोली," बसवेश कसाबसा म्हणाला. त्याला बोलवत नव्हतं, कारण डोळ्यांत निखारे पडले होते आणि पाणी गालांवरून घळाघळा वाहत होतं. श्रीशैलराव त्याच्याकडं बघतच राहिले. दिवाळीत घोरणारा हाच का तो माणूस?

"बसवेशराव, तुम्ही इतके हळवे आहात, मला माहीत नव्हतं हो," ते हळूच म्हणाले. "थांबा, आता माझ्याकडचं लावतो. नुसती बासरी. आलाप. ताल नाही, काही नाही. शुद्ध."

नुसत्या बासरीत डग्गा वाजला तर बसवेश पकडलाच जाणार! त्यानं डोळे पुसत खुणा केल्या, पवित्रानं लगबगीनं लाटणं उचललं आणि डंक नक्की बंद व्हावा म्हणून भिंतीवर दोनदा जोरात मारलं. पलीकडं विठाबाईला वाटलं, पोरीला आवाज कमी पडतोय. तिनं दुसरं मशीनही चालू केलं.

बासरीचा आलाप निघाला आणि त्याच्याबरोबर धमधम धमधम धमधम. बसवेशनं मनातल्या मनात देवाला हाक मारली. संपलं सगळं. आता पुढच्या लग्नात ही गोष्ट, आणि पुन्हा तो वाढपी. श्रीशैलरावांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्या चढत गेल्या. आणि एकदम त्यांनी मांडीवर थाप मारली.

"तबला आहे! या रेकॉर्डिंगला तबला आहे! शांभवी, ऐकतेस का? इतकी वर्षं हा आलाप ऐकतोय मी, आणि माझ्या सिस्टिमनं मला हा तबला कधी ऐकवलाच नाही! लयसुद्धा बघ, द्रुत!"

"मला नुसता ठसका लागतोय," शांभवी म्हणाली आणि सटासट शिंकली.

आलाप संपला. डग्गा संपला नाही. पवित्रा लाटण्यासकट मागच्या दारानं धावत सुटली. श्रीशैलरावांनी मात्र बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं. "शूऽऽ! गाणं संपलं, तरी खोलीत अजून घुमतंय." थोड्या वेळानं घुमणं एकदाचं थांबलं, तेव्हा त्यांनी चारी भिंतींकडं देवळात बघावं तसं बघितलं. पुरणपोळी खातानाही त्यांची नजर भिंतींवरच होती. निघताना त्यांनी स्पीकरांचा फोटो काढला, आणि दारात बसवेशचा हात हातात घेऊन म्हणाले, "आजऱ्याला मी जे बोललो, ते मागे घेतो."

बसवेश त्या रात्री उपाशी असता तरी पोटभर झोपला असता.

नंतरच्या आठवड्यात फोन आला. "बसवेशराव, तीच जोडी मागवली मी. पण डग्गा नाही हो येत. भिंतीला लावून पाहिली, स्टुलावर ठेवून पाहिली. नाहीच."

आजऱ्यापासून बसवेश या घटकेची वाट बघत होता. तो ऐसपैस मांडी घालून बसला. "श्रीशैलराव, स्पीकर काय, कुणीबी विकत घेतंय. सगळं खोलीवर असतं."

स्वतःचंच ते वाक्य बसवेशला सतारीपेक्षा गोड वाटलं.

"पटलं मला," श्रीशैलराव नम्रपणे म्हणाले. "म्हणूनच ठरवलंय, पाऊस लागेपर्यंत दर रविवारी तुमच्याकडंच यायचं. हायवे काय, चार-साडेचार तासांचा. आणि आमच्या ऐकणाऱ्या मंडळींना मी त्या बासरीच्या तबल्याचं सांगितलंय. तेही येतायत खोली बघायला. ठेवतो."

बसवेशनं फोन खाली ठेवला. पवित्राला तिच्या अक्कानं आधीच कळवलं असावं, कारण तिनं मिरचीचं पोतं ओढत आणून त्याच्यापुढं ठेवलं आणि वर सूप ठेवलं. आणि भिंतीपलीकडून विठाबाईचा खणखणीत आवाज आला, "बसवेशा, ह्या रविवारी संकेश्वरी का ब्याडगी?"