कोणाच्या हवेत?

चिखली रस्त्यालगतच्या झुंबरबाईंच्या विहिरीत शेजारच्या पंपातलं पेट्रोल उतरलं होतं, हे अखेर उघड झालं. मात्र असं काही घडलंच नाही, असं पत्र आलेलं आहे. पत्राचा मान राखून, न घडलेली ही हकीकत.

सुरुवात चहापासून झाली. झुंबरबाईंचे यजमान उकंडराव एक घोट घेऊन म्हणाले, "आज चहात रंगाचा ब्रश बुडवला का वं?" बैलांनीही हौदाला तोंड लावलं नाही, तेव्हा बाई तडक पंपावर गेल्या.

"भगवंतराव, तुमची टाकी गळून राह्यली."

"वयनी, गळली असती तं पान्यावर तवंग आला असता. हाये का तवंग?" पंपमालक म्हणाले.

तवंग नव्हता. मग पाणी तपासणाऱ्या अर्पिता मॅडम आल्या. पेट्रोलात एक रसायन मिसळतात, ते पाण्यात साखरेसारखं विरघळतं आणि जमिनीखालून गुपचूप पुढे सरकतं, असं त्यांनी सांगितलं. "विहीर बंद ठेवावी लागेल, काकू."

"सासऱ्यानं खोदली, गाळ म्या उपसला. बंद करा त्यायची टाकी!"

"गळती सिद्ध झाल्याशिवाय टाकी उघडता येत नाही."

"मंग हे पानी साफ कसं होते?"

"उंच मनोऱ्यातून झिरपवायचं, मधून पंख्यानं हवा सोडायची. रसायन उडून जातं. उरलेलं खास कोळशातून गाळायचं. मनोऱ्याचा प्रस्ताव वर पाठवते."

"उडून जाते कुठी?"

"हवेत."

"कोनाच्या हवेत?"

याचं उत्तर झुंबरबाईंच्या ओसरीत होतं. गवताच्या जाळ्यांचा, माणसाएवढा लोखंडी कुलर. त्यांनी तो बांधावर नेला, विहिरीची मोटर त्याला जोडली आणि त्याचं तोंड भगवंतरावांच्या केबिनच्या खिडकीकडे केलं.

दुपारी भगवंतराव डोकं धरून बांधावर आले. "वयनी, कुलर फिरवा! पेट्रोलचा वास येऊन राह्यला."

"माह्या विहिरीत पेट्रोल कुठून आलं, भाऊ?"

यावर भगवंतरावांना एकच उत्तर सुचलं आणि ते देता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी केबिनमध्ये जाऊन कंपनीला फोन लावला.

"पंपावर पेट्रोलचा वास सुटला हाये. शेजारची बाई कुलर लावून..."

"वासाची तक्रार नोंदवली. टाकी खोदायला माणसं येतील."

"टाकी नाई हो, कुलर!"

"कुलर आमच्याकडे येत नाही, साहेब."

माणसं आली. टाकीला भोक निघालं. टाकी बदलली गेली आणि भगवंतरावांना 'दक्ष पंपचालक' म्हणून शाल मिळाली. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, की त्यांनी वेळीच कळवल्यामुळे कोणाच्याही पाण्यात काहीही गेलेलं नाही. त्या पत्राच्या आधारे मनोऱ्याचा प्रस्ताव परत आला.

"मंग कुलर बंद करतं का आता?" उकंडरावांनी विचारलं.

"पानी साफ होईस्तोवर नाई. विहीर बी बुजू देत नाई."

अडचण एकच उरली. संध्याकाळी वारा फिरायचा आणि सगळा वास त्यांच्याच ओसरीत यायचा. झुंबरबाईंनी तहसील कचेरीत अर्ज दिला:

"ज्याअर्थी माझे पाणी खराब झालेलेच नाही, त्याअर्थी माझ्या कुलरातून निघणारा वासही अस्तित्वात नाही. तरी सदर अस्तित्वात नसलेला वास घेऊन वाऱ्याने सूर्यास्तानंतर माझ्या घरी येऊ नये व कायमस्वरूपी पंपाकडेच वाहावे, असा आदेश वाऱ्यास आपल्या सहीशिक्क्यानिशी बजावण्यात यावा, ही नम्र विनंती."