सुपारीचा उंट

देवरावभाऊंनी एकदा माझा उंट चावून खाल्ला. बुद्धिबळातला. त्यांनी तो मारला, विचार करता करता तोंडात टाकला आणि कडकन फोडला. माझा उंट म्हणजे एक सुपारी होती. मी तक्रार केली तर म्हणाले, "मेलेला उंट तुमाले कायले पायजे?"

अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, मी कारकून होतो आणि देवरावभाऊ कापसाचे पारखी. सन साठच्या आसपासची गोष्ट. मी अमरावतीहून नुकताच बदलून आलेलो, एकटा राहणारा, त्यामुळे रविवारची दुपार माझ्या ओसरीवर बुद्धिबळात जायची. पट आणि मोहरे त्यांचे. पट म्हणजे लाकडी पाटावर ताणून ठोकलेलं गोणपाट, त्यावर सुतळीनं शिवलेली चौसष्ट घरं. माझी सगळी फौज झाडावरची: सरकीची प्यादी, रिठ्याचे हत्ती, चिंचोक्याचे घोडे, सुपारीचे उंट, जायफळाचा वजीर आणि हिरड्याचा राजा. त्यांची सगळी फौज लोखंड-पितळेची. सदऱ्याची बटणं प्यादी, कुलपाच्या किल्ल्या घोडे, दौतीचं झाकण राजा. असल्या भंगारापुढे बसून मेंदू चालवायचा म्हणजे शिक्षाच होती.

मी म्हणायचो, "भाऊ, घोडा घोड्यासारखा दिसल्याशिवाय खेळायला हुरूप कसा येणार?"

"घोडा पाहाचा असन त टांग्यापाशी जा," ते म्हणायचे. "हा अडीच घरं चालते, एवढं ध्यानात ठेवा."

दिसायला चांगल्या वस्तूवर त्यांचा मुळी विश्वासच नव्हता. हा धंद्याचा गुण. गाडीत वर पांढराशुभ्र कापूस आणि खाली पाणी मारलेला, कचऱ्याचा, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. गाडी आली की ते वरच्या कापसाकडे ढुंकून बघत नसत, खांद्यापर्यंत हात आत खुपसायचे. भाजीवालीची वांगी, हापिसातला नवा पंखा, माझा इस्त्रीचा सदरा, सगळ्यांना एकच न्याय. "एवढं सजवलं हाय, म्हंजे आत काई तरी झाकलं हाय."

माणसांवर तर त्याहून कमी विश्वास. डाव रंगात आला की हे उठायचे, पाटावर टोपली पालथी घालायचे आणि अख्खा पाट उचलून घरी निघायचे. "पानी पिऊन येतो."

"पाणी माझ्याकडे आहे की. आणि पाट कशाला नेता?"

"मी गेल्यावर तुमी मोहरा सरकवान. आपला भरोसा नाई."

अर्ध्या तासानं परत यायचे आणि अशी चाल करायचे की माझा डाव पाचसात मिनिटांत आटोपायचा. आता मला सांगा, संशय कोणी कोणाचा घ्यायचा?

पुढे माझ्या मेव्हण्यानं म्हैसूरहून कोरीव मोहऱ्यांचा संच आणला. घोड्यांना आयाळ, हत्तींना अंबारी. देवरावभाऊंनी एकेक मोहरा हुंगला, नखानं खरवडला. म्हणाले, "दोनी फौजा एकाच साच्यातल्या. रंग सोडला त कोन कोनाचा, कसं समजाव?" फार आग्रह केला तेव्हा एक डाव खेळले, पाणी प्यायला न उठता. आणि विसाव्या चालीला हरले.

झालं, माझी खात्री पटली. भंगाराच्या मोहऱ्यांनी जिंकणारा माणूस चांगल्या मोहऱ्यांनी हरतो, म्हणजे गोम भंगारात आहे किंवा पाण्यात तरी. मी हापिसात जाहीर करून टाकलं की येत्या रविवारी चोरी पकडतो.

त्या रविवारी ते पाट घेऊन निघाले आणि मी मागोमाग. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. दार उघडंच होतं. अंगणात लिंबाखाली त्यांची बायको बसली होती. ती कधी कुठे जात नाही एवढंच मी ऐकून होतो. पाट तिच्यापुढे होता आणि डाळ निवडावी तशी तिची बोटं मोहऱ्यांवरून फिरत होती. डोळे मात्र समोरच्या भिंतीकडे, स्थिर.

"बाबूनं रिठा हालवला," ती म्हणाली. "पन उंट काढाले भेते हा मानूस. किल्ली इथं ठेवा."

"अवं, वजीर मारन ना तो."

"मारू द्या. मंग पाहा." आणि एकदम मान वळवून, "दारात कोन हाय?"

देवरावभाऊंनी मला पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांना पकडणारा माणूस पकडला गेला होता. ते दारापाशी आले आणि हळू आवाजात बोलले.

"लग्नाच्या चौथ्या साली डोये गेले तिचे. दिवस जावा म्हनून मीच शिकवलं. मंग मी तिले पुरेना. तिले लोकाइसंग खेळाचं होतं."

"मग सांगायचं होतं."

"सांगतलं असतं त सगळे दया करून हरले असते. लोकाइच्या दयेचा आपल्याले भरोसा नाई."

मला माझीच लाज वाटली. मी म्हणालो, "भाऊ, पुढच्या रविवारी डाव इथंच मांडू. माझी फौज मीच हलवीन."

कापसाच्या गाडीत हात खुपसावा तशी त्यांनी माझ्यावर नजर खुपसली. उत्तर आतून आलं. "येऊ द्या त्यायले."

हापिसात मी सांगितलं की चोरी वगैरे काही नाही, माणूस पाणीच पितो. सगळे मला हसले.

पुढच्या रविवारी मी लिंबाखाली बसलो. तिनं दया ओळखली तर सगळंच बिघडेल या भीतीनं इतका जीव लावून खेळलो की कानशिलं तापली. देवरावभाऊ तिच्याशेजारी बसून तिच्या नाही, माझ्या हाताकडे बघत होते. दीड तासानं मी हरलो.

ते मला दाराबाहेर घेऊन गेले आणि कुजबुजले, "खरंच हरले ना तुमी, बाबू?"

"खरंच हरलो, भाऊ."

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग आत गेले आणि तिला म्हणाले, "जितली तू."