कोरडी किल्ली

ही २०१२ सालची गोष्ट. त्या वर्षी मार्चमध्ये आयव्हर गेला, आणि आमच्या रिट्रीट वस्तीत एकाच माणसाने छाती ठोकून सांगितलं, "सगळं माझ्यावर सोडा, वहिनी! किल्ली कोरडी राहील, आयव्हर कोरडा राहील, तुम्हीसुद्धा कोरड्या राहाल!"

हा डेनझिल, आयव्हरचा जिवाभावाचा दोस्त. दोघे लाटांवर फळी चालवायला शिकले ते स्ट्रँडफाँटेनला. म्युझेनबर्गच्या किनाऱ्यावर तेव्हा वर्णभेदाच्या कायद्याने फक्त गोऱ्यांना मुभा होती. तिथली पाटी उतरली आणि दुसऱ्याच दिवशी हे दोघे फळ्या घेऊन हजर! आयव्हरची बायको डेल्फीन चहाचा थर्मास घेऊन वाळूत बसायची. पाण्याची तिला भयंकर भीती. घोट्याच्या वर समुद्र तिने कधी येऊ दिला नव्हता.

तेव्हा गाडीची किल्ली साधी लोखंडी होती. गळ्यात अडकवून आयव्हर खुशाल बुड्या मारायचा. निवृत्तीनंतर त्याने बटण दाबलं की चिवचिवणारी गाडी घेतली आणि घरातली शांतता गेली. पहिली किल्ली पावाच्या पिशवीत घालून नेली, ती भिजली. आठवडाभर तांदळाच्या डब्यात वाळत घातली. भाताला रबराचा वास आला, किल्लीला काही जीव आला नाही!

उरली एकच. तिच्यासाठी आयव्हरने कायदा केला: किल्ली फुग्यात, फुगा चापाच्या नारिंगी डबीत, डबी वाळूत पुरायची, वर टॉवेल. डब्या दोन आणल्या. एक किल्लीची, तिच्यावर पांढऱ्या रंगाचा मासा काढला. दुसरी राखीव.

रुग्णालयात शेवटी त्याने एकच मागितलं. "लाटा फुटतात त्याच्या पलीकडे सोड मला, डेल्फी. पण तिथपर्यंत कोरडा ने हं."

डेल्फीनने बाकीची राख चर्चच्या भिंतीत ठेवली आणि समुद्रासाठीची मूठभर राखीव डबीत. पण तिचा नवरा काय मळक्या डबीत जाणार होता? राख सोडायच्या आदल्या दिवशी तिने दोन्ही डब्या काथ्याने घासून लख्ख केल्या. इतक्या लख्ख, की मासाही गेला.

त्या सकाळी किनाऱ्यावर दोन्ही डब्या गाडीच्या टपावर शेजारी शेजारी होत्या. डेनझिलने गाडी कुलूपबंद केली, किल्ली लाल फुग्यात घातली, गाठ मारली, डबीत ठेवली, आणि मग आयव्हरची फळी उतरवताना रडायला लागला. डेल्फीनची बहीण रोवेना त्याचे डोळे पुसायला धावली. नंतर कोणी कुठली डबी उचलली, देव जाणे.

"जड झाली की काय किल्ली?" वाळूत खड्डा करताना डेनझिल म्हणाला.

"हात म्हातारे झालेत तुझे," रोवेना म्हणाली.

डेल्फीनला तरंगणारं जाकीट घालून फळीवर पालथं झोपवलं. डेनझिल पोहत मागून ढकलत होता. प्रत्येक लाटेला ती आयव्हरला शिव्या घालत होती. डबी छातीशी धरली होती. किती हलकी! एवढा आडदांड माणूस, आणि उरला तो असा, जणू काहीच नाही. तिला हुंदका आवरेना.

लाटांपलीकडे आयव्हरच्या सगळ्या फळीवाल्या दोस्तांनी फळ्यांवर बसून गोल केला, हात धरले. मग फुलं उडाली, पाणी उडालं, आरोळ्या उठल्या. डेल्फीनने डोळे घट्ट मिटले, चाप उघडला आणि डबी उलटी केली.

टपकन काहीतरी पडलं.

"ओल लागली वाटतं त्याला," ती पुटपुटली. "गोळा झाला माझा आयव्हर!" डोळे उघडले तेव्हा फुलांमध्ये एक लाल कळी तरंगत लांब चालली होती. छान दिसत होती.

किनाऱ्यावर सगळे कुडकुडत गाडीभोवती जमले. आत कुसिस्टरचे डबे, पाकात मुरलेले, वर खोबरं. रोवेनाने पहाटे उठून तळले होते. डेनझिलने वाळूतली डबी काढली, ऐटीत सगळ्यांना दाखवली आणि उघडली. आग्नेयेचा वारा टपलेलाच होता. भुर्रकन राख उडून त्याच्या ओल्या रबरी पोशाखावर छातीभर चिकटली.

"वहिनी!" तो किंचाळला. "किल्लीची पूड झाली!"

मग डेल्फीनला ती लाल कळी आठवली.

"डबी मिट, डेनझिल," ती हळूच म्हणाली. "तो आयव्हर आहे."

रोवेना रुमाल घेऊन पुढे झाली. "झटकते थांब—"

"हात लावू नकोस त्याला!"

डेनझिल हात पसरून पुतळ्यासारखा उभा. "मी काय करू आता, वहिनी?"

"त्याला घेऊन जा. कोरडा आहे तोवर."

तो समुद्राकडे चालू लागला, छातीवर मित्र घेऊन. डेल्फीनने त्याच्या हातातली डबी घेतली आणि मागोमाग निघाली. घोटा गेला, गुडघा गेला, कंबर गेली. लाटांच्या पलीकडे काही ती पोचली नाही. पहिलीच लाट तोंडावर फुटली आणि डबी रिकामी झाली. "एवढ्यावर भागव रे," ती म्हणाली.

घरी सगळे शेजाऱ्याच्या मालवाहू गाडीत ओले बसून आले. कुसिस्टर काचेतून बघत राहिले.

डेनझिल त्यानंतर लाटांवर गेला नाही. तो रबरी पोशाख त्याने कधी धुतला नाही. अजून त्याच्या मोरीत खुंटीला आहे. रोवेना किम्बर्लीला लेकीकडे गेली. ही गोष्ट सांगताना ती कुसिस्टरसाठीच रडते. गाडी एका शाळामास्तरांनी घेतली, नवी किल्ली करून.

हिवाळा सरल्यावर शिंपले वेचणाऱ्या एका बाईला खडकात लाल फुगा सापडला. आत किल्ली, आणि तिच्या बिल्ल्यावर आयव्हरचं नाव. डेल्फीनने कात्रीने गाठ कापली. कोरडी ठणठणीत!

आता ती ओट्यावर चहाच्या डब्याशेजारी असते. डेल्फीन कधीतरी बटण दाबते. बारीक लाल दिवा लागतो. मग ती खिडकीशी जाऊन कान देते. बाहेर काहीच चिवचिवत नाही.