ट्रिनेला नावाचे प्रचारक

आमच्या नेहरू नगरात कुणाकडे पाळणा हलला, की घरची माणसं पेढे आणायला बाहेर पडायच्या आत वैरागडेकाका दारात हजर असतात. हातात वाटीभर साखर आणि तोंडात एकच प्रश्न, पोरगी आहे का? मुलगा असला तर काका साखर देतात, आशीर्वाद देतात आणि उभ्या उभ्या निघतात. मुलगी असली तर मात्र चपला काढून आत येतात, पंख्याखालची खुर्ची हेरून बसतात आणि म्हणतात, "नाव ठरलं नसन तर एक सुचवतो. ट्रिनेला."

समोरच्याला आधी वाटतं, काकांना शिंक आली. तो बिचारा रुमाल शोधायला लागतो. मग काका शांतपणे एकेक अक्षर सुटं करून परत सांगतात, आणि घरातली मंडळी एकमेकांकडे बघत बसतात.

ट्रिनेला हे एका टेबलफॅनचं नाव आहे. ती कंपनी कधीच बंद पडली. ते पंखे आता भंगारवाल्याकडेसुद्धा मिळत नाहीत. एकच उरलाय, तो काकांच्या पुढच्या खोलीत, स्टुलावर. त्याच्या जाळीच्या मधोमध पितळी पट्टी आहे आणि तिच्यावर वळणदार इंग्रजीत हे नाव. आणि हेच नाव काकांच्या एकुलत्या एका मुलीचं. ट्रिनेला दिगंबर वैरागडे.

काका मूळचे नागपूरचे. वडील सरकारी कचेरीबरोबर बदलून भोपाळला आले, काका पुढे इथेच सिंचाई विभागात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. हिंदी इथली, मराठी तिकडची, आणि दोन्हीत "बाप्पा" सारखाच. बायको फार लवकर गेली. मी लग्न होऊन इंदूरहून शेजारी राहायला आले तेव्हा त्या नव्हत्याच. सुलोचनाकाकूंना मी फक्त फोटोत पाहिलंय. मुलगी तेव्हा पाचवीत होती.

नावाच्या बाजूने काकांकडे युक्तिवादांची कमतरता नाही. "लोकं पोरीइले नद्यायचे नाव ठेवते," ते म्हणतात. "नदीनं कधी तुम्हाले वारा घातला का बाप्पा? पंख्यानं घातला. भोपाळच्या मे महिन्यात घातला." एकदा त्यांनी सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना या नावाची संस्कृत फोड करायला बसवलं. गुरुजींना पुढच्या पूजेला जायचं होतं. त्यांनी घाईघाईने सांगून टाकलं, तिन्ही लोकी जिने वारा नेला ती त्रिनेला. काकांनी त्यांना दक्षिणेवर एक शाल दिली, आणि त्या दिवसापासून हे नाव वेदांत कुठेतरी असणार अशी त्यांची खात्री आहे.

इतकं करून प्रसार किती झाला? तर दोन ठिकाणी. पलीकडच्या शर्माजींना नात झाली तेव्हा काका नेहमीप्रमाणे गेले. नातीचं नाव शर्माजींनी आर्या ठेवलं, पण म्हाताऱ्या माणसाला एकदम नाही कसं म्हणायचं, म्हणून त्याच आठवड्यात आणलेल्या पांढऱ्या पॉमेरियन कुत्रीला ट्रिनेला हे नाव दिलं. मला वाटलं, काका आता महिनाभर बोलायचे नाहीत. काका तर खूष. "सुरुवात तर झाली," म्हणाले. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या कुत्रीला ते बिस्किटं घालतात.

दुसरं ठिकाण म्हणजे जवाहर चौकातलं ब्यूटी पार्लर. काकांच्या ओळखीतल्या एका मुलीने ते काढलं आणि त्यांच्या आग्रहाखातर हे नाव घेतलं. पाटी रंगवणाऱ्याने एक मात्रा जास्त दिली, त्यामुळे तिथे "ट्रिनैला" असं आहे. काका स्वतः आत जाऊ शकत नव्हते, म्हणून त्यांनी मला पाठवलं. माझ्या केसांचं पुढे जे झालं ते निव्वळ नावाच्या प्रसारासाठी झालं, असं मी मनाला समजावलंय.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. आम्ही नेतही होतो. ज्या मुलीला हे नाव घेऊन शाळेत जावं लागत होतं तिला मात्र ते जमत नव्हतं. वर्गातल्या हिंदी पोरांनी तिचं "तीन केला" केलं होतं. मधल्या सुट्टीत तिच्या बाकावर केळ्याची सालं ठेवलेली असायची. मराठी मुलं तरी बरी असतील म्हणून काकांनी तिला मराठी मंडळाच्या गणपतीत कविता म्हणायला उभं केलं. निवेदकाने माइकवर खणखणीत पुकारा केला, "ट्रिनेला!" मागे ट्रेमधून चहा वाटणारे बापट होते. त्यांना वाटलं, आपल्यालाच विचारतायत. ते तिथूनच ओरडले, "नेला, नेला! पाहुण्यांकडे नेला!"

अख्खं सभागृह हसलं. खोटं कशाला बोलू, मीही हसले. ती स्टेजच्या पायरीवरूनच परत फिरली. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज मला ऐकू येत होता. बाबा, हे नाव कुणी ठेवलं? आणि काकांचं ठरलेलं उत्तर, "मीच ठेवलं बेटा. पंखा चांगला होता." मला तेव्हा काकांचा असा राग आला होता की दोन दिवस मी त्यांच्या घरी भाजी पाठवली नाही.

पुढे ती शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिथलंच स्थळ आलं. लग्नात सासरच्या मंडळींनी ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, नीला. तिचा चेहरा इतका मोकळा झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता. काका ताटाजवळ वाकून ते नाव बराच वेळ वाचत राहिले. मग मला म्हणाले, "अर्धं तरी ठेवलं त्यायनं."

यंदा एप्रिलमध्ये ती एकटीच आली. मी कैरीचं पन्हं घेऊन गेले होते, तिघं पुढच्या खोलीत बसलो होतो, पंखा खडखडत होता. तेवढ्यात बाहेरून शर्माजींच्या सुनेचा आवाज आला, "ट्रिनेला! छी! गंदी कहीं की!" कुत्रीने कुंडी उकरली असणार. मी ग्लासात बघायला लागले.

 मग मुलीने आपण कशासाठी आलोय ते सांगितलं. सासरी, ऑफिसात, सगळीकडे ती नीलाच होती. जुनं नाव उरलं होतं ते फक्त कागदांवर. पण मुलगा शाळेत जायला लागला आणि आईचं नाव म्हणून तेच तिथे वाचलं गेलं. पुण्याची मुलं. आठ दिवसांत वर्गात "ट्रे नेला" सुरू झालं, आणि पोरगा रडत घरी आला. आता ती गॅझेटमध्ये देऊन नाव कायमचं बदलणार होती. बाबांना फोनवर सांगावंसं वाटलं नाही म्हणून आली होती.

"माझं मी सहन केलं, बाबा," ती म्हणाली. "त्याने का करायचं? जगात कुठला बाप मुलीला पंख्याचं नाव ठेवतो?"

मला वाटलं, आता नद्या निघतील, गुरुजी निघतील. काकांनी काहीच काढलं नाही. पन्ह्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "बदल बेटा. माझंच चुकलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लास परत द्यायच्या निमित्ताने काका माझ्याकडे आले आणि ओट्यावरच टेकले. 

"ताई, ते नाव मी नाही ठेवलं," ते म्हणाले. "तिच्या आईनं ठेवलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. काकूंचं माहेरचं नाव चंद्रकला. लग्नात तांदळात सुलोचना लिहिलं गेलं, तिला कुणी विचारलं नाही. नाव अंगाला लागलंच नाही तिच्या. घरात सुलोचना म्हणून हाक मारली की पहिल्या हाकेला ती आपली काम करत राहायची, दुसऱ्या हाकेला तिच्या लक्षात यायचं की ही आपणच. सासूला वाटायचं सून मिजासखोर आहे. काकांना खरं कारण कळलं होतं, पण तेव्हा त्यांची बोलायची हिंमत नव्हती.

पोरगी ऐन मे महिन्यात झाली. बाळंतपण अवघड गेलं, काकू कितीतरी दिवस उठू शकत नव्हत्या. काकांनी पगारातून पहिली वस्तू घेतली ती हा पंखा, आणि तो तिच्या खाटेसमोर लावला. काकू मराठी चौथी शिकलेल्या. इंग्रजी अक्षरं कधीतरी भावाच्या पुस्तकात पाहिलेली तेवढीच. पडल्या पडल्या त्या पट्टीवरचं एकेक अक्षर लावत गेल्या, काकांना काही न विचारता. एका दुपारी काका ऑफिसातून आले तर काकूंनी हसून तो शब्द म्हणून दाखवला. आयुष्यात स्वतः वाचलेला पहिला इंग्रजी शब्द.

बारशाला घरच्यांनी इंदुमती ठरवलं होतं. पण आदल्या दिवशी काकांनी बायकोला सांगितलं, या वेळी तू म्हणशील तेच. आत्या पाळण्याशी आली, काकूंनी तिच्या कानात सांगितलं, आत्याने ते मोठ्याने म्हटलं आणि बायका फिदीफिदी हसल्या. काकू पांढऱ्याफटक पडल्या. काका तिथल्या तिथे पुढे झाले आणि म्हणाले, हे माझं काम आहे, हसायचं तर मला हसा.

"मग तिला सांगा की हे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"काहून सांगू? आईचं तिच्यापाशी काय आहे, दोन-चार आठवणी. त्याइच्यात ही शिवी काहून घालू? मले देऊ दे ना." ते उठले. "नाव लोकायमधी चाललं असतं तर तिले लाज वाटली नसती. तेवढंच पाहून राहिलो होतो मी. नाही जमलं."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे कॉलनीतल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. काकांनाही आहे. मग त्यांनी बरोबर मलाच का सांगितलं, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. दुपारी काका झोपल्यावर मी पलीकडे गेले आणि मुलीला सगळं सांगून टाकलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती पंख्यापाशी गेली, तो बंद केला आणि पट्टीवरची अक्षरं बोटाने एकेक करून वाचली, शाळेतलं मूल वाचतं तशी.

संध्याकाळी तिने काकांना एवढंच विचारलं, "आई मला काय म्हणायची? लाडाने?"

"लाडाचं नाव नव्हतं," काका म्हणाले. "पूर्ण म्हणायची. दर वेळेस. तिले म्हणायलेच आवडत होतं."

ती निघाली त्या दिवशी आम्ही तिघं फाटकात उभे होतो. गॅझेटचं पुढे काय, हे तिने सांगितलं नव्हतं आणि काकांनी विचारलं नव्हतं. शर्माजींची कुत्री तिच्या पायात घोटाळत होती, ती खाली बसून तिला बिस्कीट घालत होती. टॅक्सी आली. ड्रायव्हरने मोबाइलमध्ये बघून हाक मारली, "नीला मैडम?"

ती बिस्कीट मोडत राहिली. काकांनी एकदम माझा दंड धरला.

"नीला मैडम?" ड्रायव्हरने पुन्हा विचारलं. तेव्हा तिने मान वर केली आणि म्हणाली, "हां, मैं ही हूं."